पिवळा दगड मोडला. जोडू, का तुकडेच वापरू?

साबणफेस
नमस्कार मंडळी. हा धागा 'छंद'मध्ये टाकतोय, 'घरदुरुस्ती'त हवा असेल तर संपादकांनी हलवावा.

गेली तीन वर्षं मी उघड्या वस्तऱ्यानं दाढी करतो. (का करतो यावर जुना धागा आहे, तिथे भरपूर शिव्या खाऊन झाल्यात.) दीड वर्षापूर्वी एका रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात कुलपं, नळाच्या तोट्या आणि बंद पडलेल्या मीटरांच्या ढिगात एक लांबट दगड दिसला. वरून पिवळट, वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारखा, खालून काळपट. विकणारा म्हणाला, "सोनाराची कसोटी आहे साहेब." कसोटी काळी असते एवढं मला माहीत होतं, पण वाद न घालता दीडशे रुपये दिले. घरी आणून धुतला, वस्तरा फिरवला, आणि अशी गुळगुळीत धार आली की माझा चार हजारांचा कृत्रिम दगड तेव्हापासून माळ्यावर आहे.

परवा सकाळी ओल्या हातातून तो सुटला आणि न्हाणीघराच्या फरशीवर पडला. दोन तुकडे. पूर्ण दगड १५ सेंमी लांब आणि ४ रुंद होता. आता मोठा तुकडा साडेनऊ, धाकटा साडेपाच. मोड तिरकी आहे. धाकट्याच्या एका कोपऱ्याचा नखाएवढा टवका उडाला, तो मोरीत गेला. पिवळा थर सात मिलिमीटर आहे, खालचा काळा त्याच्या दुप्पट.

प्रश्न असा: चिकटवावा का? चिकटवला तर सांध्यावरून वस्तऱ्याची धार कशी जाईल? की अशा छोट्या तुकड्यावरही वस्तरा लागतो?

गवतीचहा
फोटो दिसत नाहीत.

फलाट_५
वीस रुपयांत दाढी होते हो कोपऱ्यावर. अर्धं ब्लेड घालतात, झालं की फेकून देतात. दगडावर एवढा जीव लावणारा पहिलाच माणूस पाहिला. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात, विटेवर घासून बघा.

साबणफेस
@गवतीचहा, आता दिसतील.
@फलाट_५, अपेक्षित प्रतिसाद दुसऱ्याच क्रमांकावर आला, आभार.

रंधा
बिनधास्त जोडा. मी सुतारकाम करतो (हौशी, पोटापाण्याचं नाही). माझा हजार नंबरचा जपानी पाण्याचा दगड तीन वर्षांपूर्वी असाच कपाटावरून पडून मधोमध मोडला. तो जोडून आजही त्याच्यावर पटाशा आणि रंध्याची पाती लावतो.

पद्धत सांगतो. आधी दगड पूर्ण सुकू द्या. वरून कोरडा दिसला तरी आत ओल असते, निदान आठवडाभर पंख्याखाली ठेवा, उन्हात नको. मोडलेल्या तोंडांवरची धूळ ब्रशनं काढा, मग अ‍ॅसिटोननं पुसा. गोंद दोन नळ्यांचा, इपॉक्सी, तोही सावकाश घट्ट होणारा. पाच मिनिटांवाला नको. थेंबभर लावला की चिकटतो तो झटपट गोंदही नको, रोजच्या पाण्यात तो फार टिकत नाही आणि ठिसूळ असतो. लाकडाचा पांढरा गोंद तर विसराच.

आता मुख्य गोष्ट. गोंद सांध्यात वरपर्यंत भरायचा नाही. वरचा दीड-दोन मिलिमीटर रिकामा सोडायचा आणि दगड खालून एका ताठ पट्टीवर बसवायचा. ओट्याच्या कामातून उरलेली कडाप्प्याची पट्टी उत्तम. म्हणजे जोर पट्टी घेते, सांधा नुसता नावाला. घट्ट झालं की वरचा पृष्ठभाग सपाट करून घ्यायचा. झालं.

गवतीचहा
आता दिसले. अरे, हा तर खरंच साबण आहे.

धोकटी
रंधा साहेब, पटाशी आणि वस्तरा यात फरक आहे. रागावू नका.

माझ्या वडिलांचं सोलापूर जिल्ह्यात गावात दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, एक खुर्ची, एक आरसा. त्याआधी आजोबा धोकटी घेऊन घरोघर जायचे, वर्षाला बलुतं. धोकटीत दोन वस्तरे, कात्री, नराणी, वाटी, तुरटी आणि दगड. आता गंमत ऐका. आमच्या घरात अख्खा दगड मी कधी पाहिलाच नाही. वडिलांकडे होता तो अर्धा, आजोबांचा होता तोही अर्धा. मी लहानपणी समजायचो की दगड तेवढाच असतो.

अर्धाच का, तर दगड जमिनीवर ठेवून वापरतच नसत. डाव्या हाताच्या पंजात दगड, उजव्या हातात वस्तरा, समोर गिऱ्हाईक गप्पा मारतंय. पंजात मावेल एवढाच दगड कामाचा. मोठा असला तर मनगट दुखतं. वडील सांगायचे की आजोबांनी नवीन दगड आणला की भावाबरोबर वाटून घ्यायचे, पाथरवटाकडून दोन करून. खरंखोटं देव जाणे, पण तुकड्याची लाज कुणाला नव्हती.

वस्तरा दगडावर आडवा निजवतात. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली, म्हणून कोन आपोआप राहतो. पाठ उचलली की वडील हातावर फटका द्यायचे. नेताना धार पुढे, आणि टाचेकडून टोकाकडे तिरकं ओढत न्यायचं म्हणजे अरुंद दगडावरही पूर्ण पातं लागतं. तुमचा साडेनऊ सेंटिमीटरचा तुकडा ह्या कामाला भरपूर आहे. चिकटवाचिकटवी कशाला?

फलाट_५
हे वाचून मात्र बरं वाटलं. धोकटी, अजून लिहा.

शब्दकिडा
धागा वाचनखुणेत. थोडं अवांतर करतो. ज्याला आपण सरसकट 'दगड' म्हणतोय त्याला मराठीत सुंदर शब्द आहेत. हातात धरून धार लावायचा तो निसणा. फिरतं चाक ती साण. चंदन उगाळायची ती सहाण, तिचा धारेशी संबंध नाही, पण लोक मिसळतात. धार पाजळतात, परजतात, लावतात. 'शार्प करतात' असं लिहिणाऱ्यांनी पाच उठाबशा काढाव्यात. आणि कुरुंद! इंग्रजीतला कोरंडम हा शब्दच आपल्या बाजूनं गेलेला, तमिळ कुरुंदम, संस्कृत कुरुविंद. कठीणपणात हिऱ्याच्या खालोखाल, मोजपट्टीवर ९. माणिक आणि नीलम ही त्याचीच शहाणी भावंडं.

कुरुंदवाडकर
आमचं नाव आलं म्हणून हजेरी. आमच्याकडे दगड मिळत नाही. पलीकडे वाडीला कवठाची बर्फी मिळते, तिला धार लावायची गरज नाही.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या इकडे याले सिल्ली म्हंतात. बुवा, येवढा दगड मोडला त् मोडला, त्याच्यावर धागा काढाची काय गरज होती? पण वाचून रायलो. मस्त चालू हाय.

पाटावरवंटा
इथे सगळे पुरुषच दिसताहेत म्हणून विचारते, हा दगड विळीला चालेल का? आमच्या सासूबाई विळीचं पातं अंगणातल्या शहाबादी पायरीच्या कडेवर घासायच्या. मी चहाच्या कपाच्या बुडाला जी खरखरीत कडा असते, तिच्यावर सुरी घासते. सायकलवरून 'धाऽऽर' ओरडत येणारे दादा आता महिन्यातून एकदाही फिरकत नाहीत.

साबणफेस
@पाटावरवंटा, कपाच्या बुडाची युक्ती खरी आहे, तिथे चकाकी नसलेली भाजलेली माती असते, लोखंडाला पुरेशी कठीण. पण माझा दगड विळीला देणार नाही, क्षमस्व.

@धोकटी, मी तो तिरका हात आधीपासूनच वापरतो, त्यामुळे धीर आला. पण मोडलेली कड धारेला लागणार नाही का?

उरणचा_म्हातारा
नमस्कार. वय ७४, टंकायला वेळ लागतो, चुका सांभाळून घ्या.

आमच्या उरणला मोऱ्याला १९४१ साली ग्राइंडवेलचा घासचाकांचा कारखाना निघाला. आजूबाजूच्या गावांतल्या कितीतरी घरांची चूल त्यावर पेटली. माझीही सगळी नोकरी घासायच्या चाकांत गेली, म्हणून चार शब्द.

पहिलं. फिरणाऱ्या चाकाला तडा गेला तर ते भंगारात. जोडायचं नाही, वापरायचं नाही, 'एवढंसं तर आहे' म्हणायचं नाही. मिनिटाला हजारो फेरे घेताना फुटलं तर तुकडा छातीत घुसतो. चाक चढवण्याआधी आम्ही ते बोटावर टांगून लाकडी मुठीनं हळूच वाजवायचो. निरोगी चाक टण्ण करतं, तडकलेलं भद् करतं. हातातल्या दगडाचं तसं नाही. त्याला वेग नाही, त्यामुळे मोडला तरी धोका नाही. म्हणून वर ज्यांनी जोडा सांगितलं तेही चूक नाहीत.

दुसरं. पडलेल्या दगडाला दिसते तेवढीच मोड असते असं समजू नका. दोन्ही तुकडे पाण्यात बुडवून काढा, फडक्यानं टिपा आणि सुकताना बघत बसा. जिथे न दिसणारा तडा असतो तिथे ओल मागे राहते, केसासारखी काळी रेघ उमटते. तशी रेघ दिसली तर तिथून उद्या तिसरा तुकडा पडणार हे धरून चाला.

तिसरं, आणि हे ऐकाच. कड गोल करताना किंवा दगड सपाट करताना कोरडा घासू नका. पाणी सतत हवं. दगडाची धूळ फुफ्फुसात बसली की निघत नाही. मंदसौरकडे पाटीच्या पेन्सिली बनवणाऱ्या कामगारांची सिलिकोसिसनं काय दशा झाली ते शोधून वाचा. तुम्ही एकच दगड घासणार, पण सवय चांगली असावी.

पाटावरवंटा
काका, नमस्कार. असे प्रतिसाद वाचायला मिळतात म्हणून इथे येते.

रंधा
@धोकटी, रागावत कशाला. पण "पटाशी आणि वस्तरा यात फरक आहे" एवढ्यावर भागवू नका, फरक सांगा.

धोकटी
सांगतो. पटाशीची धार पंचवीस-तीस अंशांची, जाड. तिला सांध्याचा एखादा धक्का बसला तरी लाकूड कापताना कळणार नाही. वस्तऱ्याची धार सोळा-सतरा अंशांची, आणि ती गळ्यावरून फिरणार आहे. टोकाला धातू इतका पातळ असतो की नखावर दाबली तर वाकलेली दिसते. सांध्यात गोंदाची रेघ अर्ध्या केसाएवढी जरी वर आली तरी प्रत्येक फेरीत त्याच जागी धार चिरडणार. आणि खाली राहिली तर दोन कडा तयार, दोन्हीकडे उडायला. हात हलका ठेवून चालेलही. पण ज्याला गरज नाही त्यानं धोका का घ्यावा?

ब्रसेल्सची_बस
उशिरा आले. फोटो बघून चहा सांडला!

साबणफेस, तुम्हाला माहीत नसेल तर सांगते, तुमच्याकडे बहुधा बेल्जियन कोटिक्युल आहे. दीडशे रुपयांत! मी गेली अकरा वर्षं ब्रसेल्सला आहे. नवऱ्याला वस्तऱ्याचं वेड, त्यामुळे एका सुट्टीत आम्ही आर्देनमध्ये फील्साल्मच्या बाजूला साल्मशातोला गेलो. तिथे या दगडाचं छोटंसं संग्रहालय आहे, जुन्या कारखान्याच्या जागेत. मुलगा कंटाळला, आम्ही दोघं दीड तास दगड बघत होतो.

हा दगड फक्त त्या भागातच निघतो. पिवळा थर अगदी बारीक, शिरेसारखा, निळसर-जांभळ्या दगडाच्या मध्ये. वय साधारण ४८ कोटी वर्षं. आपला सह्याद्रीचा काळा दगड साडेसहा कोटींचा, म्हणजे त्याच्यापुढे लेकरूच. पिवळ्या थरात गार्नेटचे अतिसूक्ष्म कण खच्चून भरलेले असतात, तेच पोलादाला खातात. नाव लॅटिनमधून आलंय, अर्थ छोटा धारेचा दगड, म्हणजे शब्दकिडांचा निसणाच.

पिवळा थर पातळ आणि ठिसूळ असल्यानं बहुतेक वेळा खाली पाटीचा दगड चिकटवतात. बाजूनं बघा. दोन रंगांमधली रेघ फूटपट्टीनं मारल्यासारखी सरळ असेल तर चिकटवलेला. नागमोडी, एकमेकांत मिसळलेली असेल तर निसर्गानंच जोडलेला.

आता तुमच्या वादात तेल ओतते. बेल्जियममध्ये दोन किंवा तीन तुकडे टोकाला टोक जोडून केलेले लांब कोटिक्युल रीतसर विकतात. एकसंध लांब पट्टी मिळणं अवघड, म्हणून जोडलेला स्वस्त पडतो. लोक त्यावर वस्तरे लावतात. म्हणजे रंधा बरोबर.

रंधा
🙏 एवढंच म्हणतो.

ब्रसेल्सची_बस
थांबा, अर्धंच लिहिलं होतं, मुलाला शाळेतून आणायचं होतं.

तिथे जोडतात ते तुकडे आधी सरळ कापून, तोंडाला तोंड घासून बसवतात. सांधा एवढा बारीक की नख अडकत नाही. पडून मोडलेल्या दगडाची मोड तशी नसते, कडेचे कण उडालेले असतात. सरळ कापून जोडायचा तर पाच-सहा मिलिमीटर दगड वाया आणि मोड तिरकी असेल तर जास्तच.

आणि त्याच दुकानात दुसऱ्या टोपलीत वेडेवाकडे तुकडे असतात, त्यांना ते 'बू' म्हणतात. कुणी त्रिकोणी, कुणी बटाट्यासारखा. खाणीतून निघालेला पिवळा दगड ते फेकत नाहीत, ज्या आकाराचा निघेल त्या आकारात वरची बाजू सपाट करून विकतात. नवऱ्याकडे असाच एक आहे, नऊ सेंटिमीटरचा, एका बाजूला निमुळता. अकरा वर्षं तोच वापरतोय. म्हणजे धोकटीही बरोबर.

गवतीचहा
अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते हेच का?

कुरुंदवाडकर
😂 गवतीचहा, या धाग्याचं बक्षीस तुम्हाला. बर्फी पाठवतो.

सोलकढी
मी कुठेतरी वाचलंय की दगडाच्या बाजूंना रोगण लावतात म्हणजे पाणी शिरून थर सुटत नाहीत. जपानात त्यासाठी काजूच्या टरफलाच्या तेलापासून केलेलं रोगण वापरतात, नावच 'कॅश्यू'. हे वाचून मला हसू आलं होतं, कारण आमच्या तळकोकणात ते तेल होडीच्या लाकडाला फासतात आणि हाताला लागलं तर कातडी सोलवटते. साबणफेसांनी मोडलेल्या बाजूला ते लावावं काय?

ब्रसेल्सची_बस
@सोलकढी, जपानी नैसर्गिक दगडांना ते लागतं, त्यांच्यात थर असतात आणि पाणी पिऊन सुटू शकतात. कोटिक्युल पाणी जवळजवळ पीतच नाही, त्याला वरून शिंपडलं तरी पुरे. भिजत मात्र घालू नये, चिकटवलेला असेल तर जुना गोंद सुटतो. आणि ते तेल हाताला लागलं तर काय होतं हे तुम्हीच लिहिलंत, त्यानंतर दाढी करणार?

फलाट_५
जपानी लोक मोडलेला कप सोन्यानं जोडतात ना? तसं करा. पिवळ्यावर पिवळं, कळणारही नाही.

धोकटी
कळेल. गालाला.

टाकबोरू
तुकड्यांचे उपयोग विचारलेत म्हणून. शाईच्या पेनाची निब खरखरत असेल तर असा अतिबारीक दगड ओला करून त्यावर आठाचा आकडा चार-पाच वेळा काढायचा, बिनवजनाचा हात ठेवून. सहाव्यांदा काढू नका, मी काढला होता. निबच्या टोकाचा मणी गेला आणि रेघ जाडी झाली. धाकटा तुकडा या कामाला ठेवा.

वऱ्हाडी_ठेचा
धाकटा तुकडा आंघोळीले ठेवा, वज्रीच्या जागी. टाचा अशा होतीन का बस.

साबणफेस
सगळ्यांचे आभार, एवढी गर्दी होईल असं वाटलं नव्हतं. बाजूनं पाहिलं. रेघ फूटपट्टीसारखी सरळ आहे, म्हणजे पाटीवर चिकटवलेला. मोडलाय दोन्ही थरांसकट.

उरणच्या काकांनी सांगितलं तसं भिजवून बघत बसलो. मोठ्या तुकड्यात काही नाही. धाकट्यात टवका उडालेल्या कोपऱ्यापासून एक बारीक काळी रेघ आत जाते, साधारण दीड सेंटिमीटर. उघड्या डोळ्यांनी आधी अजिबात दिसली नव्हती. काका, दंडवत.

आता एक गोष्ट कबूल करतो. गेले सहा महिने मी या दगडासाठी स्लरीचा छोटा दगड शोधत होतो. बाहेरून मागवायचा तर दगडापेक्षा टपालखर्च जास्त.

ब्रसेल्सची_बस
अहो मग झालं की! स्लरीसाठी त्याच जातीचा तुकडा लागतो. तो आता तुमच्याकडे आहे.

पाटावरवंटा
स्लरी म्हणजे काय ते कुणी सांगेल का? की पुन्हा पुरुषांचा विषय?

धोकटी
ताई, आमच्याकडे त्याला चिखल म्हणायचे, त्यामुळे विषय कुणाचाही असू शकतो.

दगडावर पाच-सहा थेंब पाणी घालून त्याच जातीच्या छोट्या तुकड्यानं घासायचं. दुधासारखं पांढुरकं पाणी होतं. त्यात दगडातून सुटलेले कण असतात, ते मोकळे फिरून पोलाद भराभर खातात. वस्तरा बोथट झाला असेल तर आधी दाट चिखल. पाणी काळसर व्हायला लागलं की पोलाद निघतंय असं समजायचं. मग दर पंधरा-वीस हातांनंतर बोट पाण्यात बुडवून एकेक थेंब वाढवायचा. चिखल पातळ होत जातो, तशी धार बारीक होत जाते. शेवटी नितळ पाण्यावर फिरवायचा, तेव्हा दगड जवळजवळ कापतच नाही, नुसता धारेला हात फिरवतो. त्यानंतर चामड्याचा पट्टा, तिथे मात्र पाठ पुढे, धार मागे, उलटं केलंत तर पट्टा कापला.

एकाच दगडावर चार नंबरांचं काम होतं ते असं. वडील हे वाचून शिकले नव्हते. त्यांचा दगड पिवळा नव्हता, राखाडी होता, कुठला ते आता कुणाला विचारणार. आणि खरं सांगायचं तर चिखलासाठी वेगळा तुकडा त्यांच्याकडे होता तो दगडाचाच उडालेला कोपरा. तो ते चंचीत सुपारीबरोबर ठेवायचे. एकदा एका पाहुण्यानं अंधारात तोंडात टाकला होता.

वऱ्हाडी_ठेचा
😂😂 आता मी हा धागा बायकोले वाचून दाखवून रायलो.

रंधा
ठीक, वस्तऱ्यापुरती माघार. पण मोठा तुकडा खालून पट्टीवर तरी बसवा, निदान पुढच्या वेळी हातातून सुटला तर फक्त पट्टी फुटेल. आणि सपाट कसा करणार? ओट्यावर घासू नका, ओटा सपाट नसतो, दिसतो फक्त. जाड काच घ्या, त्यावर पाण्यातला ३२०चा पॉलिश पेपर पाण्यानं चिकटवा. दगडावर पेन्सिलीनं उभ्याआडव्या रेघा मारा. सगळ्या पुसल्या गेल्या की सपाट झाला. मग ६०० किंवा ८००वर थोडा फिरवा. मोडलेल्या बाजूची वरची कड ४५ अंशात धरून दोन मिलिमीटर मारा, नंतर गोल करा. कड बोटाला लागली नाही की धारेलाही लागत नाही.

उरणचा_म्हातारा
धाकट्या तुकड्याला जो तडा आहे तिथून तो आपणच हलकेच तोडून घ्या. फडक्यात गुंडाळून, कडेवर टेकवून. वापरताना सुटला तर वस्तऱ्याखाली येईल. ओला करूनच, हे पुन्हा सांगतो.

शब्दकिडा
'पॉलिश पेपर' ऐवजी...

गवतीचहा
नको.

साबणफेस
तीन आठवड्यांनी परत आलो. काय काय केलं ते सांगतो.

धाकटा तुकडा फडक्यात गुंडाळला आणि पायरीच्या कडेवर टेकवून दाबला. बरोबर काळ्या रेघेवर कट्‌कन सुटला, जोर लावावाच लागला नाही. उरला तो साधारण चार सेंटिमीटरचा, चौकोनाच्या जवळ जाणारा. सगळ्या कडा गोल केल्या. तो आता स्लरीचा दगड.

मोठा तुकडा काचेवर सपाट केला. दीड तास लागला, कारण मधोमध इतका खोलगट होता की पेन्सिलीच्या मधल्या रेघा जायलाच तयार नव्हत्या. म्हणजे मी दीड वर्ष खळग्यावर वस्तरा लावत होतो आणि 'काय गुळगुळीत धार' म्हणत होतो. मोडलेली बाजू तिरकीच ठेवली, फक्त कड मारली. तिरक्या टोकाचा एक फायदा निघाला, ते टोक अंगठ्याच्या बेचक्यात बरोबर बसतं. रंधा, पट्टी लावली नाही, कारण मग तो पंजात मावत नाही. रागावू नका.

पहिल्या दिवशी टेबलावर ठेवून वस्तरा लावला, नेहमीसारखा. दुसऱ्या वेळी धोकटींच्या वडिलांसारखा हातात धरून बघितला. पहिले दहा हात भीती वाटली, पाठ दोनदा उचलली गेली, धार गेली, पुन्हा चिखलापासून सुरुवात. तिसऱ्या प्रयत्नात मात्र जमलं. हातात धरलं की दगड वस्तऱ्याकडे थोडा वळतो, टेबलावर तसं होत नाही. दोन्ही गालांना पूर्वीपेक्षा कमी जळजळ. हनुवटीखाली अजून अडखळतो, पण तो दोष दगडाचा नाही.

उडालेला दीड सेंटिमीटरचा शेवटचा कपचा टाकबोरूंच्या सांगण्यावरून पेनासाठी ठेवला होता. आईनं तो ओट्यावर बघितला, विळीच्या पात्यावर दोन्ही बाजूंनी आठ-दहा वेळा फिरवला, कांदा कापून पाहिला, आणि आता तो मिसळणाच्या डब्याशेजारी असतो. मागायची माझी हिंमत नाही.

पाटावरवंटा
आईंना नमस्कार सांगा.

धोकटी
हातात धरलात, बरं केलंत. पाठ उचलली की कुणाला तरी हातावर फटका द्यायला सांगत जा, लवकर सुटतं.

फलाट_५
हा धागा वाचून काल जुन्या बाजारात गेलो, पिवळा दगड आहे का विचारलं. तो म्हणाला, "साबण्या दगड ना? पुढच्या रविवारी या, दोन हजार." इथला वाचक आहे की काय तो?